ओसेकीच्या हातातली फणी

मी, कुसुमी गेन्साई, वय त्रेसष्ट, ओसाकातील बाहुल्यांच्या नाट्यशाळेचा नाटककार, राहणार तेन्मा, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. पोट बिघडले आहे, डोके शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही, उलट बायको सारखी म्हणते, "अहो, पुरे, पडा जरा."

राहते घर व परसातले पर्सिमनचे झाड बायको ओतामी हिला. धाकटा भाऊ रोकुएमोन मला चारचौघांत 'बाहुल्यांचा नोकर' म्हणत आला. त्याला माझी छत्री. ती गळते.

दौत, कुंचले व सर्व नाटके बाहुल्यांचे संवाद गाणारा आमचा गायक कुरादायू याला. 'पुलावरचे दव' मात्र अटीवर.

ते नाटक पुलापलीकडच्या टोफूवाल्या ओसेकीच्या मुलीवर आहे. ती ओकिनु आणि तिचा प्रियकर, कागदाच्या दुकानातला कारकून, यांनी एकत्र जीव दिला, आणि आठवड्याच्या आत मी त्यांना रंगमंचावर आणले. मुलगी का मेली हे मला ठाऊक नव्हते. प्रेक्षकांना राग धरायला कोणीतरी हवे, म्हणून मी तिच्या आईच्या हातात टोफू दाबायचे ओले फळकूट दिले आणि मुलीला मारायला लावले. आज सार्वजनिक स्नानगृहात लोक तो प्रवेश गातात. ओसेकी आत आली की मोठ्याने गातात. तिच्या दुकानावरून जाणे मी तेव्हापासून सोडले.

मला अन्न पचत नाही हे ऐकून परवा तीच मऊ टोफू घेऊन आली. मी अंथरुणात आकसलो.

"घाबरू नका गुरुजी, फळकूट दुकानात ठेवून आलेय," ती म्हणाली. मग दाराशीच बसली. "त्या संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते. 'आई, हळू' म्हणाली. एवढंच. पोरीला कधी बोट लावलं नाही हो मी. दुकान तुमच्या वाटेवरच होतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी तिचा टोफू खाल्ला, हे लिहितानाही लाज वाटते.

तो प्रवेश मी नव्याने लिहिला आहे. त्यात आई केस विंचरते. कुरादायू कुरकुरला, "गुरुजी, फणीवर कोण रडणार? फळकूट उगारलं की अख्खी नाट्यशाळा हुंदके देते!"

म्हणून अट अशी: नाटक करायचे तर नव्या प्रवेशानेच. जुना गायल्यास त्याला दिलेले सर्व काढून घेऊन ओतामीला द्यावे. जुन्या प्रवेशाच्या छापलेल्या प्रती परत येणार नाहीत, हे मला कळते.

साक्षीदार:
१. हायाशिया सोझेन, गल्लीचे मुखिया (शिक्का)
२. ओसेकी, टोफूवाली. हिला सारे वाचून दाखवले. शिक्का उमटवायला तिने नकार दिला. म्हणाली, "आधी प्रयोग बघते." तोवर तिची जागा मोकळी ठेवावी.

कुसुमी गेन्साई (सही)
तेन्मा, ओसाका. क्योहो शकाचे सहावे वर्ष, दहावा महिना.