बरण्या हलवून बघतो

प्रिय कारभारीणबाई,
सप्रेम आणि थोडा भीतभीत नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. बाजाराला निघण्याआधी मीही आता तुझ्यासारखा एकेक डबा कानाशी धरून हलवतो. इथे डब्यांऐवजी काचेच्या बरण्या आहेत, आतलं दिसतं, तरी हलवतोच! सोबत राहणारा सुतार पोट धरून हसतो. पण संपलंय तेवढंच येतं, एका फेरीत काम होतं आणि रविवार मोकळा मिळतो.

मोकळ्या रविवारी खोली खायला उठते, ते सोड. तुझी कंबर कशी आहे? पिशव्या एकटीच उचलतेस ना?

आता खरी बातमी. बाजारातून वाचलेल्या पैशांत घरी यायचं तिकीट काढलंय! मी पोचेपर्यंत डबे भरू नकोस. आधी मला ते हलवू दे, मग दोघं बाजाराला जाऊ.

पिशव्या उचलायला येणारा,
तुझाच हमाल