डब्याचं नाक

पांढुर्णा, ९ फेब्रुवारी २०२५

चि. केतन यास आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत.

मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी वाच. युरोपातल्या हलक्या रेल्वेगाडीच्या डब्याचा पाच फुटी नमुना, कूलरच्या पत्र्याचा. त्याला टकरीत दुमडणारं घड्यांचं नाक. अमेरिकन मालगाडीचं इंजिन, पोटात शिसं ओतलेलं. रूळ, उतार. आणि पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल करायला ठेवलेल्या सागवानाचे बारा प्रवासी.

गणित तुझं. ते नाकारत नाही.

मालगाड्यांच्या रुळांवर असा हलका डबा टकरीत चिरडेल, ही तुझ्या तिकडच्या, अमेरिकेतल्या लोकांची भीती. मंगळवारच्या सुनावणीत त्यांना टकरीचं चित्रण दाखवलं नाही तर प्रकल्प जातो, तुझी नोकरी जाते, आणि आठव्या महिन्यातल्या धनश्रीला घेऊन तुला परत यावं लागतं. तूच सांगितलंस.

काल अंगणात टक्कर घेतली. नाक घडीघडीनं दुमडलं. त्यामागे पत्र्याला पोचासुद्धा नाही. शेजारचा चिंधू मोबाइल धरून ओरडला, "मोरूभाऊ, एकबी मानूस खुर्चीतून पडला नाई ना!"

तुझी छायावहिनी म्हणाली, "केतनले फोन लावा. पोरगा जीव मुठीत धरून बसला असन."

मी लावला नाही.

मागच्या बैठकीचा व्हिडिओ तूच पाठवलास. साहेबानं विचारलं, हे कोण बनवतंय? तू हसून म्हणालास, "आमच्या गावाकडचा एक मिस्त्री." इंग्रजीत म्हणालास. तुझ्या टाकून दिलेल्या पुस्तकांवर मी इंग्रजी शिकलो, हे तुला ठाऊक नसेल. मिस्त्री शब्दाचं मला काही नाही, दुकानाच्या पाटीवर मीच रंगवलाय. 'एक' म्हणालास, 'माझा भाऊ' नाही.

छायाला हे सांगितलं. ती म्हणाली, "डब्याचं नाक दुमडलं म्हून आतली मानसं वाचली. तुमी कायले अकडून राहिले?"

आज दुपारी घण घेतला. डबा सपाट केला, प्रवासी आत असतानाच. चित्रण चिंधूला माझ्यासमोर पुसायला लावलं. तुझं गणित बरोबर होतं, केतन. हे तुला कळावं आणि दुसऱ्या कोणाला दाखवता येऊ नये, म्हणून हे पत्र.

मोरेश्वर

ता. क. सकाळी, घण घेण्याआधी, धनश्रीचा फोन आला होता, मी अडून बसल्याचं छायानं कळवल्यावर. तिनं तुला सांगितलं नसेल. रडत होती. म्हणाली, "दादा, डब्यावर तुमचं एकट्याचं नाव घालू, आणि बाळंतपणासाठी ठेवलेले सगळे पैसे तुम्हाला पाठवते." सहा हजार चारशे डॉलर. मी नको म्हटलं.