किल्ली काढल्यावर

११ डिसेंबर १९९६
आली एकदाची! प्रविणची पांढरी आठशे चंदरने टेम्पोला बांधून रोह्याजवळच्या वरश्याहून इथे पेणला ओढत आणली. दोर सोडता सोडता म्हणाला, "दादा, हिला जपून. किल्ली काढली तरी चालूच ऱ्हाते." मी हसलो. चंदरला भोपळ्यातसुद्धा भूत दिसतं.

डिकी चेपलीय. बाकी ओरखडा नाही. महिन्यापूर्वी खांब गावाजवळ हायवेवर गाडी बंद पडली, प्रविण धक्का मारायला उतरला, मागून ट्रक आला. जागीच गेला. गाडी चालवत होती नमिता, त्याची बायको. लायसन्स मिळून आठवडासुद्धा झाला नव्हता.

१२ डिसेंबर
नमिता एस.टी.ने आली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"आई म्हणतात, तुला चालवता येत नव्हती, तूच बंद पाडलीस. सगळं वरसं तेच बोलतंय. दादा, माझ्या हातनं झालं का, एवढंच बघून सांगा. व्हय म्हणालात तरी चालेल."

बघतो म्हणालो.

ती गेल्यावर गाडी सुरू केली, गरम होऊ दिली. किल्ली काढली. चालूच! ढक... ढक... ढक. किल्ली माझ्या हातात, अन् इंजिन धडधडतंय. अकरा आकडे मोजले, मग थांबलं.

यात काही नाही. पेट्रोलचं इंजिन फार तापलं की आतली काजळी लाल होते आणि ठिणगीशिवायच पेट्रोल पेटत राहतं. लिहून ठेवतो. उद्या वाचायला लागेल.

१४ डिसेंबर
सातशे शहाण्णव सी.सी., तीन सिलिंडर. जपान्याने याहून साधं इंजिन काय बनवायचं? प्लग नवे. पॉइंट घासले. कार्बोरेटर धुतला, रेडिएटर झाला, पेट्रोलसुद्धा बदललं.

किल्ली काढली. एकोणीस आकडे!

गॅरेजची फळी हादरते आणि तिच्यावरच्या देवापुढच्या हारातला वाळका झेंडू गाडीच्या बॉनेटवर पडतो. बरोबर मधोमध. मालू चहा घेऊन आली होती, कप तसाच धरून उभी राहिली. "अवो, तो हार तरी उतरवा. बघवत नाय."

नाही उतरवणार. खंडेनवमीला हत्यारं, नवा माल, सगळं फळीवर मांडून पूजा करायची. मग दसऱ्यापर्यंत कामाला हात लावायचा नाही आणि चढलेला हार पुढच्या वर्षीच उतरवायचा. बाबांची रीत. बायकोला हार बघवत नाही म्हणून रीत मोडू?

पण आज मी गॅरेज लवकर बंद केलं. हे खरं.

१५ डिसेंबर
हात लावला नाही.

१७ डिसेंबर
वडखळपर्यंत नेली. जोर नाही. कार्बोरेटरमधून फट् फट् आवाज. परतताना सरळ रस्त्यावर एकदम मेली. क्लच दाबलेला होता, गियर बरोबर होता, वीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस स्टिअरिंगवर होता!

आरशात बघितलं. मागून ट्रक येत होता. हॉर्न देत बाजूने गेला. पाच मिनिटांनी सुरू झाली, पहिल्या किल्लीला.

म्हणजे नमिताची चूक नाही. पण मग चूक कशाची? काय बिघडलंय ते दाखवल्याशिवाय तिची सासू ऐकणार नाही. धोंडुबाईचा एकुलता एक गेलाय, तिला कुणावर तरी ओरडायचंय.

१८ डिसेंबर
नमिता पुन्हा आली. म्हणाली, "बसू का जरा?" बसली. सुरू केली, थोडा वेळ तशीच चालू ठेवली. मग किल्ली काढून मांडीवर ठेवली. इंजिन चालूच. पाकळ्या पडत होत्या. ती आरशात मागे बघत होती.

"ते अजून धक्का मारतायत, दादा."

काजळीचं सांगणार होतो. ते राहिलंच. मी आकडे मोजायचेही विसरलो. दिवसाढवळ्या अकरा वाजता माझ्या अंगावर काटा आला, लपवून काय करू?

ती गेल्यावर मालू म्हणाली, "तेवढं पुढचं काळं झाकण का नाय खोलत?"

भडकलो तिच्यावर. झाकणाच्या आत टायमिंगचा पट्टा असतो. दात्यांचा रबरी पट्टा, त्याच्या तालावर सगळं इंजिन चालतं. जुना झाला की दाते झडतात, ताल चुकतो, इंजिन तापतं, चालता चालता मरतं. तो मी स्वतः बदललाय, खंडेनवमीच्या दिवशी! काम हातात घेतलं की आधी कार्ड लिहायचं ही माझी सवय. कार्ड बॉनेटखाली लटकतंय, माझं अक्षर आहे: पट्टा नवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रविण घाईघाईत आला. बायकोला माहेरी न्यायची होती. हार घालून, पेढा देऊन गाडी दिली.

सगळं आठवतंय. पट्टा बसवतानाचं तेवढं आठवत नाही. असली कामं हात करतात, डोक्यात राहत नाहीत.

मालूने त्या दिवशी पूजेला हाक मारली होती, ती कार्ड लिहिल्यावर लगेच, की पट्टा बसवून झाल्यावर?

१९ डिसेंबर
झाकण खोललं. जुनाच पट्टा. चार दाते झडलेले.

फळीवरचा हार उतरवला. त्याच्याखाली, पान्यांच्या शेजारी, नवा पट्टा. कुंकू लावलेला.

साडेदहाच्या एस.टी.ने रोह्याला, तिथून वरश्याला जातोय. दोन्ही पट्टे पिशवीत घेतलेत. आधी धोंडुबाईला सांगणार, नमिताच्या समोर. कुंकू पुसलेलं नाही.