पुढच्या चाकांवरचं वजन

अण्णा, शेवटचा नट सुटत नव्हता. मी पान्ह्यावर पाय देऊन उभी होते, तेवढ्यात मालकांचा मुलगा शेडच्या दारात आला. मालक म्हणजे तेच, ज्यांच्या जागेवर तुम्ही ही शेड घातलीत. ते आता घराबाहेर पडत नाहीत, सगळं मुलगा बघतो. त्याच्या अंगात पालखीचा नवा छापील टी-शर्ट होता, घडीच्या रेघा अजून तशाच. त्याने जॅकवर उचललेली पिकअप पाहिली, मग मला पाहिलं. "ताई, चाक कशाला कारलंस?" नट सुटला. मी तो बाकीच्यांबरोबर पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "गाडी उद्या जाणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

उद्या पहाटे त्यांच्या गावची पालखी कार्ल्याच्या देवीला निघायची होती. गाव म्हणजे आता कोपरच्या इमारतींमध्ये उरलेल्या तीन-चार गल्ल्या, पण पालखी गावाची. चालणाऱ्यांच्या पुढे ही पिकअप असते. परतताना म्हातारी माणसं आणि दमलेल्या बाया तिच्या हौद्यात बसतात आणि घाट उतरून घरी येतात. तुम्ही गेलात तेव्हा त्यांच्याकडे साधा टेम्पो होता. ही पिकअप मुलाने घेतली आणि वर्षभर तिच्या तोंडावर वजन चढवत गेला. आधी जाड लोखंडी गार्ड. मग भरणीच्या मातीत रुतलेल्या गाड्या ओढायला विंच. विंचसाठी बॉनेटखाली दुसरी बॅटरी. आणि आता पालखीसाठी गार्डवर वेल्डिंग करून लोखंडी कमान, जिच्यावर दिव्यांची माळ, दोन भोंगे आणि देवीचा मुखवटा बसणार. एकेक गोष्ट आली तेव्हा कोणाला जड वाटली नाही. गाडीचं नाक मात्र खाली गेलं. हेडलाइटचा उजेड समोरच्या डांबरावर पडायला लागला.

मी दोन दिवस घोडबंदर रोडच्या घरी तापाने पडून होते. तेवढ्यात त्याने गाडी शेडमध्ये आणली आणि आपल्या मिस्त्रीला म्हणाला, नाक वर कर. मिस्त्रीने केलं. पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी पॅकिंग घातलं, गाडी सरळ उभी राहिली, पैसे घेतले नाहीत. मालकांच्या गाडीचे आपण कधीच घेत नाही. आज संध्याकाळी मी आले तेव्हा ती दाराशी उभी होती, धुतलेली, कमानीला झेंडूच्या माळा बांधायला तारा ओवलेल्या. दिसायला निर्दोष. मी गार्डवर दोन्ही हात ठेवून सगळं अंग टाकलं आणि सोडलं. ती खाली गेली, आतून ठक्क आवाज आला.

तो आवाज ओळखायला तुम्ही मला शिकवलंत. मी अकरावीत होते, परीक्षा संपली होती, घरात बसून कंटाळले होते म्हणून शेडमध्ये यायचे. एका जीपकडे बघून मी म्हटलं, ही सरळ उभी आहे, हिला काय झालंय? तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "उभी आहे ते रस्त्यावरचा कोणीही सांगेल. बसते कशी ते सांग." मला रडू आलं होतं. पुढे एम.ए.ला असताना मी लोकांच्या कविता अशाच दाबून बघायचे, आणि हे कुठून आलं ते कोणाला सांगायचे नाही.

मी गाडीखाली गेले. पॅकिंगने स्प्रिंग उंच होते, ताकदवान होत नाही. वजन तेच, स्प्रिंग तीच. ब्रेक दाबला की सगळं ओझं पुढे येतं आणि चाकावरचा सांगाडा रबराच्या बफरवर आपटतो. तिथून पुढे स्प्रिंग काम करत नाही, चाक रस्त्यावर नुसतं उड्या मारतं. शिवाय नाक उचलल्यामुळे चाक धरून ठेवणारा वरचा बॉलजॉइंट शेवटच्या टोकापर्यंत ओढला गेला होता. त्याचं रबर फाटलं होतं, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालं होतं. तो जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं. मी हौद्याकडे पाहिलं. तिथे सतरंज्या घातल्या होत्या.

"ताई, माझी आय बसनार हाय त्यात," तो म्हणाला. "मना काय कळत नाय? स्टेशनापासून इथवर चालवून आनली. एकदम मक्खन."

"स्टेशनापासून इथवर घाट नाही."

"तू बाईमानूस हायस म्हनून गप बसतोय."

"नको बसू गप. बोल."

त्याने वाकून चाकाकडे पाहिलं. मी सांगितलं, या वजनाच्या जाड स्प्रिंगा आणि त्यांना आवरतील असे शॉकप आंबिवलीच्या दुकानदाराकडे आहेत, जॉइंटही आहे, पण हे सगळं तो उद्या दुपारी देणार. तोवर एकच उपाय. गार्ड, विंच, कमान सगळं उतरवू, पॅकिंग काढू, शेडमध्ये जुना पण धड जॉइंट आहे तो घालू. रिकाम्या तोंडाने गाडी जाऊ शकेल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला कपडे उतरवायला सांगितलं होतं. "कमान कारू? पोरांनी वर्गनी कारून केलीय ती. मुखवटा कुठं ठेवू, टपावर? आख्खा गाव हसल. बाजूच्या गावाची पालखी आमच्या पुढं जाईल, भोंगं वाजवत."

हे खरं होतं.

मग तो कमानीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "ही जागा कोनाची हाय, ताई?"

मिस्त्री कोपऱ्यात हात पुसत उभा होता. त्याचे हात केव्हाच पुसून झाले होते. "ताई," तो म्हणाला, "अण्णांनी मालकांच्या गाडीला कधी नाही म्हटलं नाही." त्याने ते चांगल्या भावनेने म्हटलं. मला बाहेर पडायला दार करून दिलं. करार नाही, कागद नाही, तुमच्या दोघांत एक शब्द झाला होता आणि त्यावर ही शेड उभी आहे, आत दोन लिफ्ट, कॉम्प्रेसर, मिस्त्रीचं घर चालतं, माझं चालतं. हे तो न बोलता सांगत होता.

मी म्हटलं, "अण्णांनी ही गाडी दिली नसती."

मिस्त्रीने मान खाली घातली.

तुम्ही गाड्या अडवायचात हे खोटं नाही. न पटलेल्या गाडीचं चाक काढायचात आणि नट घरी आणून आईच्या मिसळणाच्या डब्यात टाकायचात, कारण तिथे कोणी शोधणार नाही. आई डबा उघडायची आणि म्हणायची, "आज कशाची फोडणी? ट्रकची?" तुम्ही जेवता जेवता हसायचात. मोहरीला ग्रीसचा वास यायचा. ट्रान्सपोर्टवाले दारात येऊन शिव्या द्यायचे, तुम्ही त्यांना पाणी विचारायचात. मी हीच आठवण घेऊन शेड चालवत आले. सोयीची आठवण आहे.

दुसरी अशी. मालकांचा टेम्पो शेडमध्ये आहे. पुढच्या स्प्रिंगचा एक पाटा तडकलाय. मालक स्वतः आलेत, खुर्चीवर बसलेत, चहा पितायत. त्यांना भाचीच्या हळदीला मुरबाडच्या पुढे माणसं न्यायची आहेत, आजच. तुम्ही पाट्याला क्लँप मारता, दोनदा कसता. मग हात धुता आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसता. मी विचारते, तुम्ही कुठे? तुम्ही म्हणता, हळदीला. अंगात कामाचाच शर्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येता, आई ताट वाढते, मी विचारते, नीट गेली? तुम्ही म्हणता, "गेली." बाकी काही नाही. मिस्त्री त्या दिवशी टेम्पोत मागे बसला होता. त्या प्रवासाबद्दल तोही मला कधी बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

म्हणून मिस्त्रीने मान खाली घातली तेव्हा मला कळलं, त्याला तो टेम्पो आठवला होता. मालकांचा मुलगा तुम्हाला आमच्यासारखा ओळखत नाही, त्याने माझं वाक्य ऐकलं आणि क्षणभर थांबला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याने पिकअपच्या दारावर थाप मारली आणि म्हणाला, "ठीक हाय. अण्णांची पोर. बघतो." आणि गेला. मिस्त्रीने जाताना शेडचे दिवे बंद केले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "चुकीचं पॅकिंग मी घातलं, हे तुम्ही त्याला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, त्याला माहीत आहे. मिस्त्री म्हणाला, "अण्णांना माहीत नाही." एवढं बोलून तो निघून गेला.

हे मी घरी आल्यावर लिहिते आहे. खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या आहेत, हॉर्न वर ऐकू येतात. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिणं सोपं आहे. गाडी अडवली त्याबद्दल मला शंका नाही. ती जायला नकोच होती. पण ती मी अडवली, आणि नाव तुमचं घेतलं. तुम्ही दिली असतीत की नाही, मला माहीत नाही. कदाचित दिली असतीत आणि पुढे जाऊन बसला असतात. तसं बसायची हिंमत माझ्यात नाही, हेही मी त्याला सांगितलं नाही.

हे पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिते आहे. सकाळी गेले तर शेडच्या दाराला माझ्या कुलपाखाली दुसरं, मोठं कुलूप होतं, मालकांच्या घरचं. मिस्त्री बाहेर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, पालखी पहाटे निघाली, मुखवटा पोरांनी डोक्यावर घेतला. मी पत्र्याच्या फटीतून पाहिलं. पिकअप आत होती, कमानीसकट, जॅकवर.