बिनआवाजाची गाडी

रविवार, संध्याकाळ

शोरूमवाल्यानं आज मोठी गाडी मलकापूरहून घरापर्यंत चालवू देली. वायर लावून चार्ज होते, पेट्रोलवरही पळते. आमचे हे म्हणे, "लाईटीचा काय भरवसा?" म्हनलं, "मंग पेट्रोल काय पूजेले ठेवता?"

बॅटरीवर आवाजच नाही. खरंच नाही! सासूले कमी ऐकू येते, जुन्या जीपमधी मुकाट बसते. आज मागच्या सीटवरून बोलतच सुटली. मी पुढून सादं बोलली, तेही तिले ऐकू आलं. किंमत लई हाय. घ्यावी का? पन असा आवाज नसनं कुठी भेटते?

उतरताना सासू म्हणे, "सूनबाई, उद्या कुठी जायचं?" कित्येक वर्सांत तिनं बाहेर जायचं नाव काढलं नव्हतं.

आमच्या ह्यायले सांगून टाकलं, घ्या.