तुमच्या घरातले नऊशे नव्व्याण्णव

बाबा, आज तुमच्या नातीनं कॉम्प्युटरवर मॅट्रिक्स भरून दाखवला. ओळी किती, रकाने किती आणि आकडा कोणता, एवढं लिहिलं की सगळ्या घरांत तोच आकडा. तिनं शून्य भरलं. मी एकदम खेकसलेच, "शून्य नको!" बिचारीनं विचारलं, का? तिला काय सांगू? तुम्हालाच सांगते, हे पत्र टाकायला पेटी नसली तरी.

मी नागपूरच्या ऑफिसात नवी लागले तेव्हा मशीनसोबत तयार प्रोग्रामांची लायब्ररी आली होती. त्यातला एक हेच काम करायचा. रोज सकाळी नदीकाठच्या, पाणी मोजणाऱ्या सगळ्या चौक्यांचा तक्ता मी आधी ९९९ नं भरायची, मग वायरलेसवर पाण्याची पातळी कळेल तसा खरा आकडा त्या जागी बसायचा. साहेबांच्या ते डोळ्यांत खुपायचं. "शून्य भरा ना बाई, तक्ता कसा साफ दिसते." अहो, पण शून्य म्हणजे नदी कोरडी! ज्याचा निरोपच आला नाही, त्याची नदी कोरडी कशी म्हणायची? मी काही ऐकलं नाही. पारशिवनीकडची चौकी तुमची; पाण्यातली मोजपट्टी वाचून निरोप तुम्हीच द्यायचात. सुटीत घरी आले, चुलीपाशी बसून तुम्हाला हे सगळं समजावलं, तर तुम्ही भाकर मोडता मोडता हसताय.

"नऊशे नव्व्याण्णवच काहून वं?"

"नदी इतकी कधी चढत नाही म्हणून. खोटं आहे ते लगेच दिसतं."

"म्हंजे मी बोललो नाही तं माह्या जागी हेच बसन?"

"हो."

"मंग बरं हाय. कोणाले तं दिसन."

असं अभद्र बोलू नका म्हणून आई तुमच्यावर ओरडली.

पुराच्या त्या दुपारी सगळी घरं भरली, तुमचं तेवढं ९९९. साहेब म्हणाले, कालचा आकडा टाका, तक्ता वर पाठवायचा आहे. मी म्हटलं, हात तोडले तरी टाकणार नाही. तक्ता तसाच गेला, म्हणून वरून विचारणा झाली, जीप निघाली, खालची गावं वेळेवर उठवली. माणसं वाचली, बाबा. तुमची चौकी मात्र जागेवर नव्हती. तुम्ही पुढं बाभळीत अडकलेले सापडलात. लोक म्हणायचे, पोरीनं गावं वाचवली. मला त्यांचा संताप यायचा, आणि तुमचाही. पाणी चढत असताना पट्टी कसली वाचत बसलात? पळायचं होतं ना!

चौकी पुन्हा बांधेपर्यंत मी रोज सकाळी तक्ता भरत होते, आणि संध्याकाळी तुमच्या घरात ९९९ तसंच असायचं. मग एका सकाळी वायरलेसवर नव्या माणसाचा आवाज आला आणि तिथं आकडा बसला. साहेब म्हणाले, चला, तक्ता पुरा झाला. मी मशीनच्या खोलीमागं जाऊन रडले. तुमच्या चितेपाशी उभी राहून आलेली मी, पण खरं सांगू? आईलाही कधी बोलले नाही. ते ९९९ होतं तोवर मी धरून चालले होते, की तुमचा निरोप यायचा राहिलाय.