खुरपणीची चाल

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. परवा आमच्या गल्लीतून वरात गेली आणि बँडवाल्यांनी तीच चाल वाजवली. शेजारीण म्हणाली, "तुमच्या वडलांची ना ही?" मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

हैदराबादेत फौजेच्या बँडात ट्रंपेट शिकून तुम्ही जालन्याला परत आलात आणि आपल्या वस्तीतल्या पोरांचा बँड उभा केलात. वाटूर, वडीगोद्री, कुठून कुठून पोरं शिकायला यायची. दिवसभर मजुरी करून संध्याकाळी आपल्या अंगणात गोल बसायची. सिनेमातलं गाणं तुम्ही रेडिओवर ऐकायचात आणि त्याच्या तीन ओळी करायचात. वरची पहिल्या ट्रंपेटला, मधली दुसऱ्याला, खालची पोटाशी धरायच्या त्या थोरल्या बाजाला. कागदावर काही नसायचं, सगळं तोंडी, सा रे ग म म्हणून. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं थांबली, पोरं खडी फोडायला गेली, तरी तुम्ही तालीम बंद केली नाहीत. "पोट रिकामं हाय म्हणून सूर हलला, असं मला सांगायचं न्हाई," म्हणायचात. रागातसुद्धा खरं ते लिहिते आहे.

आई खुरपायला जायची, म्हणून चूल माझ्याकडे. मधली ओळ कुणालाच नीट धरता यायची नाही, कारण ती एकटी ऐकली तर गाणं वाटतच नाही. मग तुम्ही आत हाक मारायचात, "ये गं, दुसऱ्याची ओळ म्हणून दाखव." मी पिठाच्या हातांनी दारात उभी राहून म्हणायची आणि पोरं ती उचलायची. एकदा धीर करून म्हटलं, "आबा, मला पण बाजा शिकवा." तुम्ही ट्रंपेट पुसत होतात. वर न बघता म्हणालात, "पोरीची जात. फुंकून तोंड वाकडं झालं तर मंग करून घेईल कोण तुला?"

मॅट्रिक झाल्यावर त्या पावसाळ्यात मीही आईबरोबर कापसात खुरपायला जाऊ लागले. बाया ओळीनं बसून एक चाल म्हणायच्या. अर्ध्या जणी सुरू करायच्या, बाकीच्या मधूनच उचलायच्या. ती चाल मी घरी आणली, चुलीपुढे घोळवत राहिले आणि तिच्या तिन्ही ओळी केल्या. तुम्हाला म्हणून दाखवल्या तेव्हा तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. "पुन्हा म्हण," म्हणालात. दुसऱ्याच दिवशी पोरांना शिकवायला घेतलंत.

जयंतीच्या मिरवणुकीत आपला बँड चौकात आला आणि ती चाल सुरू झाली. कडेला उभ्या असलेल्या खेड्यातल्या बायांनी ती ओळखली आणि बँडबरोबर म्हणू लागल्या. पुढे चालणाऱ्यांना थांबावं लागलं. स्टेजवरच्या पाहुण्यांनी तुम्हाला वर बोलावून हार घातला आणि माइकवरच विचारलं, "मास्तर, ही चाल बसवली कुणी?"

"मीच बसवली, साहेब." जरासुद्धा अडखळला नाहीत. मी समोर पांढऱ्या साडीत, बायांच्या गर्दीत उभी होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलं?"

"तुझं नाव घेतलं असतं तर लोक बँडला हसले असते. पोरीचं वाजवून राह्यले म्हणले असते. बँड जगला पाह्यजे."

"आन् मी?"

तुम्ही आईकडे पाणी मागितलंत.

पुढच्या तालमीला तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी भाकरी उलटत होते. उठले नाही. दुसऱ्यांदा मारलीत, तरी नाही. मग दुसरा ट्रंपेटवाला पोरगा संध्याकाळभर चाचपडत बसला. तुम्ही परत कधी बोलावलं नाहीत. पुढे मी शिक्षिका झाले, तरी शाळेतली प्रार्थना बसवायची वेळ आली की ते काम दुसऱ्या बाईंकडे द्यायची.

मला मंठ्याला दिलंत. पाठवणीच्या वेळी तुम्ही तीच चाल घेतलीत, आपली वरची ओळ एका शिष्याला दिलीत आणि स्वतः मधली वाजवायला घेतलीत. पाहुण्यांना वाटलं, मास्तर थकले. मला कळलं, आबा. पण मला ते बाजातून नको होतं, तोंडानं बोललेलं हवं होतं. चार माणसांत "ही चाल माझ्या पोरीची हाय" एवढं म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? छातीच्या आजारानं तुम्ही गेलात तेव्हा जिल्हाभरातून तुमचे शिष्य आले. एकेकाचा स्वतःचा बँड झाला होता. शोकसभेत जो उठला तो मास्तरांच्या चालीबद्दल बोलला. मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट राहिली आहे, ती तुम्हाला कळावी अशी माझी इच्छा नाही. माझी मधली ओळ शेवटी सरळ सा वर उतरायची. माझ्या लग्नात तुम्ही ती रे वर जराशी रोखून धरलीत आणि मग सोडलीत. तेव्हापासून सगळे बँड ती तशीच वाजवतात. तेवढी जागा माझी नाही. आणि त्या चालीत सगळ्यात सुंदर जागा तीच आहे.